वाचकांचे प्रश्न : मागासलेपण येते कोठून?

गेल्या अंकात ‘देशाची प्रगती कशामुळे होते आणि कशामुळे अडते’ या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे मराठवाड्यातील असल्यामुळे उत्तरांतील उदाहरणेही तिकडचीच अधिक आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि काही लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मराठवाडा मागे का, असे कोणी विचारले की निजामाचे नाव पुढे केले जाते. मुक्तिसंग्रामाला पाऊणशे वर्षे उलटून गेली. अजून किती दिवस आपण निजामाच्या नावाने बोटे मोडणार? (निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई)

उत्तर : आपला वैताग समजण्यासारखा आहे आणि तो अर्धा बरोबरही आहे. आधी उरलेल्या अर्ध्याविषयी. देश स्वतंत्र झाल्यानंतर तेरा महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 रोजी, मराठवाडा मुक्त झाला, हे आपण दरवर्षी ध्वजारोहणाच्या भाषणात ऐकतो. परंतु खरे नुकसान त्या तेरा महिन्यांचे नव्हते. हैदराबाद संस्थानातील सुमारे साठ टक्के मुलूखच खालसा, म्हणजे सरकारच्या थेट महसुली कारभाराखाली होता. बाकीचा निजामाच्या खासगी सर्फ-ए-खासमध्ये आणि जहागिरदारांकडे वाटलेला होता. जहागिरीच्या गावातून सारा वसूल होई, पण विहीर, रस्ता किंवा शाळेच्या रूपाने तो गावात परतण्याची वाट क्वचितच होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजी बाजूला सारून देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र ती भाषा उर्दू होती, आणि परभणी किंवा बीडकडच्या मराठी घरातील मुलाला आधी भाषा शिकून मग विषयाकडे वळावे लागे. 1951च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे 18 टक्के होती आणि हैदराबाद राज्याची त्याच्या जेमतेम निम्मी.

आता यावरून ‘संस्थानी राजवट होती म्हणून असे झाले’ असा निष्कर्ष काढला जातो, तो मात्र टिकत नाही. बडोदेही संस्थानच होते, आणि सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली तेच केले. इंग्रज सरकारने मात्र गोखल्यांचे 1911चे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मंजूर होऊ दिले नव्हते. अर्थशास्त्रज्ञ लक्ष्मी अय्यर यांनी इंग्रजांच्या थेट अमलाखालील आणि संस्थानांच्या अमलाखालील मुलखांची तुलना केली, तेव्हा शाळा, दवाखाने आणि रस्ते यांबाबत पूर्वीचे संस्थानी भाग एकंदरीत सरस आढळले. राजा आपला की परका, यापेक्षा रयतेकडून घेतलेला पैसा कोणावर खर्च होतो, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी नेमका हाच हिशेब मांडला होता: महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. अर्थकारण आणि समाजरचना यांची गाठ इतक्या थोडक्यात दाखवणारी दुसरी मांडणी मला माहीत नाही.

आपला प्रश्न जिथे बरोबर आहे ती बाजू 1948 नंतरची. दक्षिण कोरियाही 1945पर्यंत जपानच्या ताब्यात होता आणि पुढे 1950 ते 1953 या काळात युद्धाने बेचिराख झाला; पण त्याने त्याच सुमारास जमीन कसणाऱ्यांना वाटली, मालकीची मर्यादा तीन हेक्टरच्या आसपास ठेवली आणि मुलामुलींना सरसकट प्राथमिक शाळेत घातले. आपल्याकडेही 1949 साली जहागिरी रद्द झाल्या आणि 1950 साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला. कायदा त्या काळाच्या मानाने पुढारलेला होता, परंतु कूळ म्हणून ज्याची नोंदच झाली नाही त्याला त्याचा उपयोग शून्य, आणि नोंद करणारा माणूस बहुधा ज्याची जमीन त्याच्याच बैठकीतला. 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि 1958 साली मराठवाडा विद्यापीठ आले, म्हणून निदान एक पिढी वर येऊ शकली.

पुढचा इतिहास अधिक अवघडल्यासारखा वाटतो. 1953च्या नागपूर करारात समतोल विकासाचे आश्वासन होते, राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2) मध्ये त्याला आधार मिळाला. तरीही 1984 साली दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप केले तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे विकासातली मागची तूट, 3,186 कोटींवर निघाला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 750 कोटींचा होता. वैधानिक विकास मंडळे 1994 साली स्थापन झाली आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली. मनमाडहून निघणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग 1900 साली सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत मीटरगेजच, म्हणजे अरुंद रुळांचाच, राहिला. त्यामुळे मुंबईकडे जाणारा माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. नगर–बीड–परळी मार्गाला मंजुरी 1995च्या सुमारास मिळाली आणि बीडला पहिली प्रवासी गाडी 17 सप्टेंबर 2025 रोजी आली. या काळात शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री मराठवाड्याने दिले. तेव्हा निजामाचा हिशेब आता मिटवावा आणि वही आपल्या घरातल्यांसमोर उघडावी, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

प्रश्न : दरडोई उत्पन्नात छत्रपती संभाजीनगर जिल्हा मराठवाड्यात पहिला आहे. मग प्रगतीही तिथेच सर्वांत जास्त झाली असे म्हणता येईल का? परीक्षेत असा प्रश्न आल्यास काय लिहावे? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : उत्पन्न सर्वाधिक, असे लिहावे, प्रगती सर्वाधिक, असे नुसत्या त्या आकड्यावरून लिहू नये. वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांचे उत्पादन आणि सोयगाव तालुक्यातील कोरडवाहू कापूस एकाच सरासरीत मिसळलेले असतात. म्हणूनच 1990 साली महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी मानव विकास निर्देशांक आणला. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न अशी तीन अंगे मोजली जातात, आणि केरळसारखे राज्य उद्योगांत पुढे नसतानाही शिक्षण व आरोग्याच्या बळावर वर का दिसते, हे त्यातून समजते. निर्देशांकालाही मर्यादा आहेत, कारण तोही शेवटी सरासरीच सांगतो. परीक्षेसाठी एवढे पुरेसे आहे.

प्रश्न : मी धारूर तालुक्यातील असून नर्सिंगला आहे. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. देशाच्या प्रगतीत भांडवल, साधनसंपत्ती आणि मनुष्यबळ यांचा वाटा असतो, असे आम्हाला अकरावीत शिकवले होते. आमच्या घरचे यात नेमके कुठे बसतात? (विद्यार्थिनी, बीड जिल्हा)

उत्तर : ताई, पुस्तकाच्या भाषेत तुमचे आई-वडील ‘मनुष्यबळ’ या रकान्यात बसतात. अडचण अशी की त्या रकान्यात शिरताना माणसाचे काय होते, ते पुस्तक सांगत नाही. तुम्हाला ठाऊक असलेल्याच गोष्टी इतर वाचकांसाठी थोड्या सविस्तर लिहितो.

बालाघाटच्या डोंगररांगेतील जमीन हलकी, पावसाचा भरवसा नाही आणि गावात खरिपानंतर काम नाही. पावसाळा सरता सरता मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो. ही उचल एका माणसाला मिळत नाही, ती कोयत्याला मिळते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, कारखान्याच्या आवारात किंवा फडाशेजारी कोप्या घालून राहतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, परतत नाहीत. मजुरी टनावर ठरते. पहाटे अंधारात फडात जायचे, नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेल्या पैशात बाजार करायचा. एक दिवस गेला की खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. हंगाम संपल्यावरही उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते.

या आर्थिक व्यवस्थेतून सामाजिक परिणाम कसे निघतात ते पाहा. उचल जोडीला मिळते, म्हणून मुलगा कमवता होताच त्याचे लग्न लावण्याची घाई होते आणि मुलीकडच्यांनाही, आपण सहा महिने बाहेर असताना वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती असते. दोन्हीकडचा हिशेब बालविवाहापाशी येऊन मिळतो. खाड्याच्या भीतीने पाळीच्या आणि गर्भाशयाच्या तक्रारी अंगावर काढल्या जातात आणि मग कोणीतरी ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला देते. राज्य शासनाने 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांचे सर्वेक्षण झाले, त्यांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. 2011च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. हा आकडा सर्वस्वी ऊसतोडीमुळे आला असे मी म्हणणार नाही, कारण सोनोग्राफीचा गैरवापर करणारे बागायतदार आणि नोकरदारही त्यात होते. पण जिथे मुलीकडे हुंड्याचा खर्च म्हणून पाहिले जाते तिथे पैसा आला तरी मुलीचा जीव सुरक्षित होत नाही, एवढे त्यातून दिसते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हा सगळा उद्योग यशस्वी आहे. साखर निघते, इथेनॉल निघते, कारखान्याचा ताळेबंद जुळतो. तुमच्या आईने वाहिलेल्या मोळ्या त्या उत्पन्नात मोजल्या गेल्या आहेत, मात्र मजुरीचा हिशेब कोयत्याच्या नावाने, म्हणजे तुमच्या वडिलांच्या नावाने झाला, आणि तुमच्या आईच्या शरीराची झीज कोणत्याच खात्यावर पडली नाही. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. मतदानाच्या दिवशी तुमच्या आईचे मत एक धरले जाते आणि उचलीच्या दिवशी ती अर्धा कोयता असते. ही विसंगती याहून उघड्या रूपात मला तरी कुठे दिसलेली नाही.

यातून सुटण्यासाठी काय काय झाले आहे? हंगामी वसतिगृहे सुरू झाली, त्यामुळे मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहून शाळा करू शकतात. जिथे ती वेळेवर, म्हणजे टोळ्या निघण्याआधी, सुरू होतात तिथे त्यांचा उपयोग झाला आणि जिथे मंजुरी यायलाच हिवाळा उजाडतो तिथे पोरे तोवर फडावर पोहोचलेली असतात. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ आहे. आता तोडणी यंत्रेही वाढत आहेत. यंत्र आल्याने कष्ट संपतील म्हणून आनंद मानावा, तर डोंगरपट्ट्यातील माणसाला दुसरे काम कोणते, याची तजवीज यंत्राबरोबर आलेली नाही.

तुम्ही नर्स होऊन याच तालुक्यात एखाद्या उपकेंद्रावर आलात, तर पाळीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बाईला औषध कोणते आणि शस्त्रक्रिया कधी लागते, हे सांगणारे एक माणूस वाढेल. अभ्यास सोडू नका. घरून लग्नाचा विषय निघाला तर हे उत्तर वडिलांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

प्रश्न : शहरातले लेखक उठतात आणि ऊस उत्पादकाला पाणीचोर ठरवतात. सोयाबीनला भाव देत नाही म्हणून आम्ही ऊस लावतो. आमचे काय चुकले? (शेतकरी, औसा तालुका)

उत्तर : आपले फारसे काही चुकलेले नाही. उसाला 1966च्या ऊस नियंत्रण आदेशाचे संरक्षण आहे. एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा उसाचा किमान दर, ठरलेली असते, ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक असते आणि विलंबावर पंधरा टक्के व्याजाची तरतूद असते. कारखाने ती तरतूद कशी पाळतात तो भाग वेगळा, पण मागायला कायदा तरी आहे. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 साठी क्विंटलला 4,892 रुपये जाहीर झाला आणि त्या हंगामात लातूरच्या आडत बाजारात माल त्याच्या बराच खाली विकला गेला. खरेदी केंद्रावर जावे तर नोंदणी, बारदान्याची वाट पाहणे आणि ओलावा बारा टक्क्यांहून अधिक निघाला की माल परत, अशी गत. दिवाळी तोंडावर आलेला शेतकरी वाळवण घालत बसू शकत नाही, त्यामुळे तो आडत्याकडे वळतो. अशा स्थितीत जो शेतकरी ऊस लावतो तो बाजार नीट ओळखतो, असेच म्हणावे लागेल.

प्रश्न असा आहे की प्रत्येकाचा बिनचूक हिशेब एकत्र केला की गावाचा हिशेब चुकतो. आपल्या जमिनीखाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे. गंगेच्या खोऱ्यातील गाळासारखे पाणी तो धरून ठेवत नाही. भेगांमध्ये जेवढे मुरेल तेवढेच. एकाने पाचशे फुटांवर बोअर घेतला की शेजारी सातशेवर जातो आणि दोघांचेही पाणी त्याच भेगेतून येत असते. राज्यातील लागवडीच्या क्षेत्रापैकी ऊस थोड्याच टक्क्यांवर असला तरी सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा वाटा तो घेतो. 2016च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्याआधी 2015 साली परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ज्या दुष्काळात वीज केंद्र बंद पडले, त्याच दुष्काळात मराठवाड्यात उसाचे गाळप झाले.

वरच्या धरणांविषयीची मराठवाड्याची तक्रार मात्र खरी आहे. जायकवाडीची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 साली लोकार्पण झाले. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील धरणांमुळे तुटीच्या वर्षी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, अपेक्षेइतके पाणी येत नाही. 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आणि 2014च्या आदेशाने त्याचे सूत्र ठरले: ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीतील उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरून पाणी सोडायचे. हे सूत्र आंदोलने आणि न्यायालयीन लढाई यांतून मिळाले आहे, आणि ज्या समन्यायाची मागणी आपण नाशिक-नगरकडे करतो तीच मागणी कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी कालव्याच्या तोंडाकडच्या बागायतदाराकडे करतो, हेही विसरता येणार नाही.

जालना जिल्ह्यातील कडवंची येथे पाणलोटाची कामे माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिस्तीने झाली, शेततळी झाली आणि कोरडवाहू गाव द्राक्षाचे गाव बनले. तेथील यश खरे आहे, परंतु त्याची नक्कल करताना अनेक गावांनी पाणलोट सोडून प्लास्टिकचे अस्तर तेवढे उचलले. बोअरचे पाणी उपसून अस्तराच्या तळ्यात साठवायचे म्हणजे सार्वजनिक पाणी खासगी करून उन्हात ठेवायचे. उपाय म्हणून आपण ऊस सोडा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याला उसासारखे कायद्याचे पाठबळ द्या, मग शेतकरी काय लावतो ते पाहा, असे सरकारला सांगण्याचा मात्र आहे.

प्रश्न : कर्जमाफी, लाडकी बहीण, मोफत धान्य अशा फुकटच्या योजनांनी लोक आळशी होतात आणि देशाची प्रगती खुंटते, असे आपल्याला वाटत नाही का? (व्यापारी, परभणी)

उत्तर : सरसकट वाटत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना 1972चा दुष्काळ आठवत असेल: मिलो नावाची परदेशी ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे. 1973च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या घरात माणसे होती. शेतावरील पीक गेले असतानाही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, कारण लोकांच्या हातात मजुरी पडत राहिली. वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली रोजगार हमीची कल्पना या अनुभवाने पक्की झाली. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. हा भत्ता त्या वेळी दिवसाला एक रुपया होता. 2005 साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा पुढे उदाहरण महाराष्ट्राचे होते.

या योजनेचे अर्थकारण आपल्यासारख्या व्यापाऱ्याने अवश्य पाहावे. तिच्यासाठी 1975 साली व्यवसाय कर लावला गेला. मुंबईतल्या पगारदाराच्या पगारातून कापलेले पैसे भूम-परंड्याच्या मजुराला मिळू लागले आणि त्यातून पाझर तलाव, नालाबांध व रस्ते झाले. 1990 साली हीच योजना फळबागांना जोडली गेली. जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांच्या वाढलेल्या क्षेत्रामागे ती आहे, आणि त्या मोसंबीच्या गाड्या आपल्याच मोंढ्यात आल्या असतील. कामे कागदावर झाली, हजेरीपटात मेलेली माणसे होती, हेही खरे आहे. तरी मजूर तहसीलदाराच्या दारात उभा राहून ‘काम द्या’ म्हणू लागला. पूर्वी तेच मागणे तो देशमुखाच्या वाड्यावर हात जोडून करीत असे.

म्हणून मी योजनांची प्रतवारी फुकट आणि विकत अशी करीत नाही. कायद्याने मागता येणारी आणि मर्जीने मिळणारी, अशी करतो. जुलै 2024 पासून लाडक्या बहिणींना महिना दीड हजार रुपये मिळू लागले. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येणे ही लहान गोष्ट नाही, आणि ज्या घरात तिने आजवर मजुरीचा रुपयाही मोजला नव्हता तिथे तर नाहीच. पण तो हक्क नाही. सरकारची तिजोरी आणि निवडणुकीचे वेळापत्रक यांवर तो अवलंबून आहे. त्यासाठी शाळा, पाणीपुरवठा आणि रस्ते यांची तरतूद मागे पडली तर डाव्या हाताने दिलेले उजव्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. कर्जमाफीबाबत माझे मत आणखी प्रतिकूल आहे, कारण जो सावकाराकडून घेतो त्याला तिचा लाभ होत नाही आणि ज्याने वेळेवर भरले तो स्वतःला मूर्ख समजू लागतो. लोक आळशी होतात हे मात्र मला पटत नाही. आळशी माणूस सहा महिने परमुलखात ऊस तोडत नाही.

प्रश्न : वडील गेल्या वर्षी वारले. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतात. ‘नाही म्हटलीस तर माहेर तुटेल’ असे नातेवाईक सांगतात. हा प्रश्न तुमच्या सदरात बसतो की नाही, ठाऊक नाही. (वाचक भगिनी, कळंब)

उत्तर : पूर्णपणे बसतो. शेतात निम्म्याहून अधिक काम करणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर पीककर्ज, पीकविमा आणि सन्माननिधी या सगळ्या ठिकाणी ती शेतकरी ठरत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करण्याची, मोहीम काढली ती याच कारणाने.

आपल्यापुरते सांगायचे तर, महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. 1994च्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. 2005च्या कायद्यात तशी अट नाही. वडील 2005 साली हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. अपवाद 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटणीचा. हक्कसोडपत्र हे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते आणि एकदा नोंदले की सहजी परत फिरवता येत नाही, त्यामुळे कोऱ्या मुद्रांकावर किंवा ‘फक्त वारसनोंदीसाठी आहे’ असे सांगून पुढे केलेल्या कागदावर सही करू नका. वारसाचा फेरफार ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी हक्क सोडावा लागत नाही. सर्व वारसांची नावे देऊन तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायची असल्यास ती पंधरा दिवसांत आणि लेखी द्यावी, व तिची पोच घ्यावी. भावांशी बोलणी थांबवण्याचे कारण नाही. जमीन त्यांनीच कसावी आणि आपले नाव मात्र राहावे, अशी तडजोड कळंब-वाशीकडे अनेक घरांनी केलेली आहे.